पतसंस्थेचे संकेतस्थळ सभासदांना सोपे कसे करावे?

आपला प्रश्न मी असा समजलो: गडहिंग्लज परिसरातील आपल्या पतसंस्थेने नवे संकेतस्थळ करून घेतले. संचालक मंडळ समाधानी आहे, छायाचित्रे आणि रंगसंगती चांगली आहे. पण सभासद पूर्वीसारखेच फोन करून व्याजदर विचारतात, अर्जासाठी शाखेतच येतात, आणि ज्यांनी ऑनलाइन अर्ज भरायला घेतला त्यांपैकी बरेच जण तो अर्धवट सोडतात. सामान्य माणसाला वापरता येईल असे संकेतस्थळ करायचे तर सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे.

सुरुवात त्या फोनपासूनच करावी. शाखेला फोन करून लोक जे विचारतात ते त्यांना संकेतस्थळावर सापडलेले नसते, किंवा ते तिथे असेल असे त्यांना वाटलेलेच नसते. म्हणून फोन घेणाऱ्या कर्मचाऱ्याकडे एक साधी वही द्यावी आणि महिनाभर प्रत्येक प्रश्न, विचारणाऱ्याच्याच शब्दांत, भाषा न सुधारता टिपून ठेवायला सांगावे. ‘ठेवीला किती टक्के देता’, ‘सोनं ठेवलं तर तोळ्याला किती मिळतील’, ‘जामीनदार किती लागतात’, ‘शनिवारी शाखा किती वाजेपर्यंत उघडी’, ‘कर्ज फिटलं, आता सातबाऱ्यावरचा बोजा उतरवायला कागद कधी देता’. महिनाअखेरीस ही वही वाचली की लक्षात येते की प्रश्न पुष्कळ दिसले तरी त्यांचे प्रकार मोजकेच असतात, आणि त्यांतल्या सात-आठ प्रकारांनीच बहुतेक पाने भरलेली असतात. मुखपृष्ठावर त्या सात-आठ प्रश्नांची उत्तरे असावीत. बाकीचा मजकूर आतल्या पानांवर गेल्याने कुणाचे अडत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील सहकारी संस्थांसाठी मी बरीच वर्षे हे काम करीत आलो आहे. बहुतेक ठिकाणी मुखपृष्ठाची मांडणी संस्थेच्या कार्यालयासारखी असते: आधी संस्थापकांचे छायाचित्र, मग अध्यक्षांचे मनोगत, मग संचालक मंडळ, पुरस्कार, वार्षिक सभेची क्षणचित्रे, आणि शेवटी कुठे तरी ‘आमच्या योजना’. दुकानाच्या दारात मालकाच्या सत्काराचा फलक आडवा लावून गिऱ्हाइकाला वळसा घालून आत यायला लावावे, तसा हा प्रकार होतो. यात कुणाचा दुष्ट हेतू नसतो. संकेतस्थळाला मंजुरी देणारे संचालक असतात आणि वापरणारे सभासद त्या बैठकीत नसतात, एवढेच त्याचे कारण आहे. यावर मी एक व्यवहार्य तोडगा सुचवतो. ‘आमच्याविषयी’ हे पान मनापासून, चांगल्या छायाचित्रांसह, संस्थेचा इतिहास नीट लिहून सजवावे आणि बैठकीत आधी तेच दाखवावे. त्या पानावर मंडळाचे समाधान झाले की मुखपृष्ठावरचा आग्रह बहुधा सैल पडतो.

मुखपृष्ठावरची आपोआप सरकणारी मोठी चित्रे मात्र पहिल्याच दिवशी काढावीत. जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या भागाकडे वाचकाची नजर आपोआप दुर्लक्ष करते, हे संकेतस्थळांच्या अभ्यासात अनेक वर्षांपासून आढळत आले आहे. त्यातच ठेवीचा नवा दर तिसऱ्या चित्रावर असेल, तर तो दिसेपर्यंत सभासद पान बंद करून फोन लावतो.

कोणती माहिती वर हवी याचा वस्तुपाठ आपल्या जिल्ह्याला दर पावसाळ्यात मिळतो. पंचगंगेला पाणी चढू लागले की प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते: राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फूट किती इंच झाले, आणि ते मोजमाप किती वाजताचे आहे. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे लहान पोरांनाही पाठ असते, त्यामुळे आकडा कळला की अर्थही कळतो. त्यानंतर राधानगरी धरणाच्या सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, आणि कोणते बंधारे व रस्ते पाण्याखाली गेले, एवढे समजले की माणूस निर्णय घेऊ शकतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात मोबाइलवरून फिरणारे जे संदेश लोकांना खरोखर उपयोगी पडले, त्यांत आकडा, वेळ, ओळखीच्या पातळीशी तुलना आणि परिणाम या चार गोष्टी पहिल्या दोन ओळींत होत्या. त्या संदेशांना सजावट नव्हती आणि ती कुणी मागितलीही नाही.

आपले व्याजदराचे पानही याच रीतीने लिहिता येईल. दर किती, कोणत्या तारखेपासून लागू, किती महिन्यांसाठी, ज्येष्ठ नागरिकांना वेगळा आहे का, मुदतीआधी मोडल्यास काय होते. आणि एक लाख रुपये वर्षभर ठेवले तर हातात किती येतील, हे एका ओळीत रुपयांत सांगणारे उदाहरण. टक्केवारीपेक्षा रुपयांतले उदाहरण लोकांना लवकर कळते. रकमेत स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, म्हणजे १,००,००० असाच यावा. परदेशी टेम्प्लेटमध्ये (संकेतस्थळाच्या तयार साच्यात) तो १००,००० असा पडतो आणि वाचणारा क्षणभर गोंधळतो. याच पानावर एक गोष्ट स्पष्ट लिहावी असा माझा आग्रह आहे, जरी ती संचालकांना रुचली नाही तरी: बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत असलेले ठेव विमा महामंडळाचे संरक्षण पतसंस्थेतील ठेवींना नसते. सभासद हा प्रश्न आज ना उद्या विचारणारच, आणि तो विचारण्याआधी उत्तर मांडणाऱ्या संस्थेवर लोक जास्त विश्वास ठेवतात.

मजकुराच्या भाषेबद्दल थोडेच सांगतो, कारण वहीने ते काम आधीच केलेले असेल. मेनूतील नावे त्या वहीतून घ्यावीत. ‘उत्पादने व सेवा’ यापेक्षा ‘ठेवी’, ‘सोनेतारण’, ‘कर्ज’ आणि ‘शाखा व वेळ’ ही नावे सरळ आहेत. ‘येथे क्लिक करा’ असा दुवा कुठेही नसावा. दुव्याच्या शब्दांतच पुढे काय मिळणार ते असावे, जसे ‘सोनेतारण कर्जासाठी लागणारी कागदपत्रे’. पोटनियमांतील वाक्ये जशीच्या तशी पानावर उतरवू नयेत; ती वकिलांसाठी लिहिलेली असतात आणि त्यांची जागा वेगळ्या फाइलमध्ये आहे.

आता लिपीकडे वळतो, कारण आपल्याकडच्या संकेतस्थळांचे सर्वाधिक नुकसान इथे होते आणि याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. तयार टेम्प्लेट रोमन लिपीसाठी बेतलेले असते आणि त्यात देवनागरी मजकूर ओतला की ते बिघडते. देवनागरीत शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार आणि ऋकार येतात. त्यामुळे रोमन मजकुराला पुरणारे ओळींमधील अंतर इथे अपुरे पडते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या साधारण १.६ ते १.७ पट ठेवली की वाचन मोकळे होते. त्याच आकड्याच्या आकारात देवनागरी अक्षर रोमनपेक्षा लहान भासते, म्हणून रोमनसाठी १६ पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके) चालत असतील तर मराठी मजकुरासाठी १८ च्या खाली जाऊ नये. शीर्षकांच्या अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडण्याची जी फॅशन आहे, ती देवनागरीत शिरोरेखेचे तुकडे करते आणि शब्द शब्दच राहत नाही. ते अंतर शून्य ठेवावे. दोन्ही कडा सरळ करणारी मांडणीही टाळावी, कारण प्रत्यय लागून लांब झालेले मराठी शब्द मोबाइलच्या अरुंद पडद्यावर ओळीत मोठाल्या फटी पाडतात. फार जाड ठशात ‘द्ध’, ‘ष्ट’ यांसारख्या जोडाक्षरांच्या पोटातली मोकळी जागा भरून जाते, आणि फार बारीक ठसा स्वस्त पडद्यावर पुसट दिसतो. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ (Mukta) हे फॉन्ट विनामूल्य आहेत आणि या कामाला उत्तम आहेत.

प्रत्येक पानाच्या कोडमध्ये पानाची भाषा मराठी असल्याची नोंद करायला विकासकाला (संकेतस्थळ बनवणाऱ्याला) सांगावे. हे काम एका ओळीचे आहे, पण त्यामुळे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, आणि पान मोठ्याने वाचून दाखवणारी यंत्रणा मराठी आवाज निवडते. ही नोंद नसली किंवा तिथे टेम्प्लेटबरोबर आलेली ‘इंग्रजी’ ही नोंद तशीच राहिली, तर ती यंत्रणा मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचू लागते किंवा चक्क गाळते.

जुन्या अहवालांचा प्रश्न आपल्याकडेही असेलच. युनिकोड (सर्व लिपींसाठी संगणकाची सामाईक अक्षरपद्धती) रुळण्याआधी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये मजकूर जुळवला जाई आणि छपाईच्या दुकानांत अजूनही बऱ्याच ठिकाणी तसाच जुळवला जातो. अशा मजकुरात दिसायला मराठी अक्षरे असली तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरेच असतात. तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर मजकूर चिन्हांची खिचडी होऊन येतो, शोधयंत्राला तो सापडत नाही आणि वाचून दाखवणाऱ्या यंत्रणेलाही वाचता येत नाही. त्यामुळे छपाईवाल्याकडून आलेला मजकूर थेट पानावर चिकटवू नये. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करावा आणि मग रफार व जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत, कारण रूपांतरात नेमकी तीच चुकतात. हाच तोटा चित्ररूपी सूचनांचा. शाखेच्या सुट्टीची सूचना फ्लेक्सवाल्याकडून चित्र करून घेतली आणि तेच चित्र पानावर टाकले, की ती कुणाला शोधूनही सापडत नाही. चित्र हवे तर ठेवावे, पण त्याखाली तोच मजकूर अक्षरांत लिहावा.

अर्जाबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपले सभासद तिथेच थांबत आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे अर्ज सुरू होण्याआधी एका छोट्या पानावर सांगावे की कोणकोणती कागदपत्रे जवळ हवीत, साधारण किती वेळ लागेल, आणि अर्धवट सोडल्यास भरलेली माहिती राहील का. अर्ध्या वाटेवर पोहोचल्यावर ‘आता जामीनदाराचा पगारदाखला जोडा’ असे समोर आले, की माणूस पान बंद करतो आणि पुन्हा येत नाही. सर्व रकाने एकाच लांबलचक पानावर ठेवण्यापेक्षा एका पानावर एक विषय ठेवावा. ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळाने २०१२ मध्ये सुरू झाल्यानंतर जी शिस्त घालून दिली, तिच्यातला हा नियम मला सर्वांत उपयोगी वाटतो, आणि मोबाइलच्या लहान पडद्यावर तर तो अधिकच लागू पडतो.

नावाचा रकाना एकच असावा: ‘आधार कार्डावर आहे तसे पूर्ण नाव’. पहिले नाव, मधले नाव आणि आडनाव असे तुकडे केले, की कुणी आडनाव आधी लिहितो, विवाहित महिला मधल्या रकान्यात वडिलांचे लिहावे की पतीचे या पेचात पडते, आणि नंतर कागदपत्रांशी नाव जुळत नाही म्हणून आपला कर्मचारी पुन्हा फोन करतो. पत्त्यात घर क्रमांक आणि रस्ता सक्तीचे करू नयेत. आजरा किंवा चंदगड तालुक्यातल्या वाडीवर रस्त्याला नाव नसते. मुक्काम, पोस्ट, तालुका आणि पिनकोड एवढ्यावर पत्र बरोबर पोहोचते. ई-मेल तर मुळीच सक्तीचा नको. तो सक्तीचा असला की सभासद ज्या महा ई-सेवा केंद्रात बसून अर्ज भरतो त्या केंद्रचालकाचाच ई-मेल देतो, आणि मग संस्थेची सगळी पत्रे त्या केंद्रचालकाकडे जात राहतात.

जन्मतारखेसाठी दिनदर्शिका उघडून देणे हा टेम्प्लेटवाल्यांचा आवडता प्रकार आहे. १९५८ साली जन्मलेल्या माणसाला एकेक महिना मागे सरकत तिथपर्यंत जायला लावणे म्हणजे छळ आहे. दिवस, महिना आणि वर्ष असे तीन साधे रकाने द्यावेत. (आपल्याकडच्या एका पिढीतील अनेकांचा जन्म कागदोपत्री १ जूनलाच झालेला असतो. ही तारीख फार वेळा दिसते म्हणून ती संशयास्पद ठरवणारी तपासणी एखाद्या हुशार प्रोग्रामरने बसवू नये, एवढी काळजी घ्यावी.)

अंकांचा एक घोळ सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. मोबाइलवर मराठी कळफलक चालू असेल तर सभासद देवनागरी अंक टंकतो, आणि प्रोग्रामरने लिहिलेली नेहमीची तपासणी केवळ इंग्रजी अंकच ओळखते. दहा अंक अचूक लिहूनही ‘क्रमांक चुकीचा आहे’ असे उत्तर मिळाले की माणूस हतबल होतो, कारण त्याच्या डोळ्यांना तो क्रमांक बरोबरच दिसत असतो. दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारून आत त्यांचे रूपांतर करणे हे दोन ओळींचे काम आहे. मोबाइल क्रमांकाच्या आधी शून्य किंवा +९१ लिहिले, मध्ये मोकळी जागा सोडली, तरी तो स्वीकारावा आणि साफसफाई संगणकाने करावी. मात्र अशा रकान्यांसाठी कोडमध्ये ‘संख्या’ हा प्रकार निवडू नये. तो बेरीज-वजाबाकीच्या संख्यांसाठी आहे आणि पान वरखाली सरकवताना काही ब्राउझरमध्ये त्यातला आकडा नकळत बदलतो. ब्रिटनच्या त्याच सरकारी चमूने २०२० मध्ये याच कारणांनी तो प्रकार सोडून दिला. साधा मजकुराचा रकाना ठेवून मोबाइलवर अंकांचा कळफलक उघडण्याची सूचना वेगळी देता येते.

चूक दाखवण्याची रीत सौजन्याची असावी. ‘अवैध माहिती’ एवढेच लाल अक्षरांत पानाच्या माथ्यावर लिहिणे हे दारातून परत पाठवण्यासारखे होते. चूक ज्या रकान्यात आहे त्याच्या लगतच, काय झाले आणि काय करावे हे लिहावे: ‘मोबाइल क्रमांक दहा अंकी हवा. आपण नऊ अंक लिहिले आहेत.’ आणि एका रकान्यातल्या चुकीसाठी बाकीचे भरलेले रकाने रिकामे होता कामा नयेत. हा दोष अजूनही इतका सर्रास आढळतो की नवे संकेतस्थळ ताब्यात घेताना मी सर्वांत आधी तोच तपासतो.

ओटीपीच्या बाबतीत आपल्या भागाची परिस्थिती ध्यानात घ्यावी. अर्ज बऱ्याचदा सभासद स्वतः भरतच नाही; पुण्यात नोकरी करणारा मुलगा भरतो आणि ओटीपी गावाकडे वडिलांच्या मोबाइलवर जातो. वडील शेतात असतात, फोन उचलायला वेळ लागतो, मग चष्मा शोधायचा, संदेश उघडायचा, आकडे सांगायचे. दोन मिनिटांची मुदत यात केव्हाच संपते. पैशांचा व्यवहार नसलेल्या साध्या अर्जासाठी दहा मिनिटांची मुदत ठेवण्यात काही बिघडत नाही. मराठीतला संदेश मात्र तोकडा ठेवावा लागतो: इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात, तर देवनागरीत ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटीही वेगवेगळ्या मोजल्या जातात. संदेशाचा नमुना दूरसंचार कंपनीकडे आधी नोंदवावा लागत असल्याने तो नंतर बदलणे किचकट असते. म्हणून ओटीपीचे आकडे अगदी सुरुवातीला येतील असा नमुना पहिल्याच वेळी नीट लिहावा.

कागदपत्रांचे छायाचित्र ‘२०० केबीपेक्षा कमी’ हवे, ही अट तर सामान्य माणसाला थेट सायबर कॅफेत पाठवते. आजच्या मोबाइलने काढलेले छायाचित्र कित्येक एमबीचे असते आणि ते लहान कसे करायचे हे सभासदाला माहीत असण्याचे कारण नाही. पाठवण्याआधी ब्राउझरमध्येच छायाचित्र लहान करणे सहज शक्य आहे आणि ते विकासकाने करून द्यायचे काम आहे. वेडीवाकडी अक्षरे ओळखायला लावणारा कॅप्चाही काढून टाकावा. बनावट अर्ज रोखायला ओटीपी पुरेसा आहे. अर्ज पूर्ण झाल्यावर ‘धन्यवाद’ एवढ्यावर थांबू नये. अर्जाचा क्रमांक, पुढचे पाऊल कोणाचे, किती दिवसांत, आणि तोवर उत्तर आले नाही तर कुणाला फोन करायचा, हे पडद्यावर आणि एसएमएसवर दोन्हीकडे द्यावे, कारण घरी छापयंत्र कुणाकडेच नसते.

आपले सभासद हे सगळे मोबाइलवर पाहतात, आणि तोही बहुधा बेताच्या किमतीचा, काच थोडी तडकलेला आणि उन्हात धरलेला. म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील उजेडाचा फरक भरपूर हवा. २००८ पासून जगभर प्रमाण मानल्या गेलेल्या वेब सुगम्यतेच्या (अधू दृष्टीच्या माणसासह सर्वांना संकेतस्थळ वापरता यावे यासाठीच्या) निकषांत साध्या मजकुरासाठी हे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असे दिले आहे, आणि ते मोजणारी साधने विनामूल्य मिळतात. भगव्या पट्टीवर पांढरी अक्षरे आपल्याकडे फार आवडीने वापरली जातात. ती मोजून पाहावीत, बहुतेक वेळा ती या गुणोत्तरापर्यंत पोहोचत नाहीत. भगवा ठेवायचाच असेल तर त्यावर गडद अक्षरे घ्यावीत. बटणांसाठी २०२३ च्या सुधारित निकषांत किमान २४ पिक्सेल लांबी-रुंदी सांगितली आहे, पण कष्टाच्या कामाने जाड झालेल्या बोटांचा विचार करता मी ४४ च्या खाली जात नाही. दृष्टी अधू असलेल्या सभासदासाठी अँड्रॉइडवरची टॉकबॅक ही सोय चालू करून आपले मुखपृष्ठ एकदा डोळे मिटून ऐकावे; नाव न दिलेली चित्रे आणि बटणे तेव्हा लगेच उघडी पडतात. सरकारी संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली; ती आपल्यासाठी लिहिलेली नाहीत, पण विकासकाशी करार करताना त्यांतील सुगम्यतेचा भाग जोडायला हरकत नाही.

वेगाबद्दल: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, असे गूगलचे मोजमाप सांगते. शाखेच्या इमारतीचे पाच एमबीचे छायाचित्र काढले की निम्मे काम होते. तपासणी कोल्हापूर शहरात राजारामपुरीतल्या कार्यालयातील वायफायवर न करता गगनबावड्याच्या रस्त्यावर किंवा आंबोलीकडच्या एखाद्या गावात मोबाइल डेटावर करावी.

एवढे करूनही खरा निकाल सभासदांना शेजारी बसवल्यावरच कळतो. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडले की पाच माणसांसोबत चाचणी घेतली तरी बहुतेक मोठे दोष दिसून येतात. पाचांनंतर तेच दोष पुन्हा पुन्हा दिसू लागतात. माझा अनुभवही तसाच आहे, मात्र ती पाच माणसे आपल्या सभासदांसारखी हवीत. ठेवी असलेले निवृत्त शिक्षक, ऊस उत्पादक, बचत गटातील महिला आणि दुकानदार यांची गरज वेगळी असते, त्यामुळे पाचही जण संस्थेतले तरुण कर्मचारी घेऊन चालणार नाही. बाजाराच्या दिवशी शाखेत आलेल्यांपैकी कुणाला चहा विचारून दहा मिनिटे मागितली तर लोक आनंदाने देतात. मोबाइल त्यांचाच असू द्यावा. ‘संकेतस्थळ कसे वाटले’ असे विचारू नये. सगळे ‘चांगलं आहे की’ असेच म्हणतात. काम द्यावे: ‘मावशी, तुमच्याकडे पन्नास हजार आहेत, वर्षभरासाठी ठेवायचेत, किती मिळतील ते यात बघून सांगा.’ आणि मग गप्प बसावे. ‘हितं दाबायचं व्हय?’ असे त्यांनी विचारले तरी ‘तुम्हाला काय वाटतंय?’ एवढेच म्हणावे. हे गप्प बसणे फार कठीण जाते, विशेषतः ज्याने ते पान बनवले आहे त्याला. म्हणून विकासकाला मागे बसवून फक्त टिपणे घ्यायला लावावे. बोट कुठे थबकते, कोणता शब्द दोनदा वाचला जातो, कुठे मागे जाण्याचे बटण दाबले जाते, हे त्याने स्वतः पाहिले की पुढचे वाद उरत नाहीत.

देखभालीची जबाबदारी एका नावावर असावी. व्याजदर बदलण्याचा ठराव झाला त्याच दिवशी तो पानावर कोण बदलणार, हे ठरावातच लिहावे. जुना दर दिसत राहिलेले पान नसलेल्या पानापेक्षा वाईट असते, कारण सभासद त्या भरवशावर शाखेत येतो आणि काउंटरवर वाद होतो. म्हणून दराच्या प्रत्येक पानावर ‘या तारखेपासून लागू’ असे दिसावे, आणि शाखेचा फोन क्रमांक असा असावा की त्यावर बोट ठेवताच फोन लागेल. फोन कमी व्हावेत यासाठी क्रमांक लपवणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत. तिथे फोन कमी झाले नाहीत, ते अध्यक्षांच्या वैयक्तिक मोबाइलवर जाऊ लागले.

संचालकांपैकी कुणी तरी ‘त्यापेक्षा ॲपच करून टाकू’ असे सुचवेल. आपल्या लेखा संगणकप्रणालीबरोबर शिल्लक दाखवणारे ॲप आधीच मिळत असेल तर त्याचा दुवा द्यावा. पण तीन महिन्यांतून एकदा दर पाहण्यासाठी कुणी भरलेल्या मोबाइलमध्ये जागा करून नवे ॲप घेत नाही. तो खर्च तूर्त थांबवावा. या महिन्यात विकासकाला फारसे पैसे न देता होण्यासारखे म्हणजे सरकती चित्रे काढणे, दरांचे पान नव्याने लिहिणे, शाखांच्या वेळा आणि फोन क्रमांक वर आणणे, अक्षरांचा आकार व ओळींमधले अंतर वाढवणे. अर्जाची दुरुस्ती वही भरल्यानंतर हाती घ्यावी. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते आणि तिथे सर्व वयांचे, सर्व गावांचे सभासद आयतेच जमतात. नवा अर्ज तोवर कच्चा का होईना तयार ठेवून, सभामंडपाच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून त्याची पहिली चाचणी तिथेच घेता येईल.